रस्ता मोकळा हाय

आमच्या अॅम्ब्युलन्सच्या वायरलेसवर 'पेशंट गेला' असं कुणी बोलत न्हाई बघा. मागं घरचं माणूस बसलेलं असतं, त्याला सगळं ऐकू जातं. म्हणून आम्ही म्हणायचं, 'रस्ता मोकळा हाय.' कंट्रोलवाल्याला बरोबर कळतं.

तवा वडगाव रासाईहून एका आजीला शिरूरला नेत होतो. तिचे मालक, आबा, तिचा हात धरून शेजारी बसलेले. मी गाडी अशी हाणली, की खड्डा म्हणून बघितला न्हाई. न्हावऱ्याच्या अलीकडं डॉक्टरांनी आरशातून माझ्याकडं बघून मान हलवली. मी माईक उचलला.

"कंट्रोल, रस्ता मोकळा हाय."

"बरं. सावकाश या."

आन् पुढं बघतो तर उसाच्या ट्रॉल्यांची ही रांग. आबा पण काचेतून ती रांगच बघत होते. बराच वेळ बघितली त्यांनी. मग म्हणाले, "आता घाई न्हाई ना, बाळा?"

मी म्हणलं, "न्हाई, आबा."

"मग जरा हळू घे. मघाशी घाई होती म्हणून बोललो न्हाई. तिला गाडी लागती."