बंद करू नकोस

डुलुथमधल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात लॉर्ना बिघडलेला प्रिंटर घेऊन रांगेत उभी होती. पुढच्या म्हातारीने एक जुना कॉम्प्युटर काउंटरवर ठेवला आणि दुकानवाली टीना वाकून बघू लागली.

“काय झालं, मिसेस हाल्वर्सन?”

“परवा वादळात वीज गेली, तेव्हापासून बंद आहे. वरची चिठ्ठी वाच.”

“‘बंद करू नकोस.’ कुणी लिहिलंय?”

“माझ्या नवऱ्यानं, आर्नेनं. तळघरात बसून यालाच घरचा, रात्रंदिवस चालणारा सर्व्हर बनवला होता. त्याला जाऊन दोन वर्षं झाली, पण मी प्लगला हात लावला नाही.”

“काय काम करायचा हा?”

“देव जाणे. विचारलं की म्हणायचा, तुझ्या डोक्यात नाही शिरायचं.”

“परवापासून घरात काही अडलंय?”

“छे! दिवे आहेत, टीव्ही आहे. तो औषधवाला मात्र माजलाय. रोज सकाळी सातला फोनवर त्याचा निरोप यायचा, दोन दिवस नाही. चांगली खरडपट्टी काढली मी त्याची. तर म्हणतो, बाई, आम्ही असले निरोप पाठवतच नाही.”

“जुना एखादा दाखवा बरं.”

“हा घे.”

“‘इंगे, गोळी. आधी काहीतरी खा.’ तुमचं नाव इंगे?”

“इंगेबोर्ग. इंगे म्हणायचा तो फक्त आर्ने…”

“मिसेस हाल्वर्सन?”

म्हातारीने कॉम्प्युटरवरच्या चिठ्ठीवर हात ठेवला.

“बसा इथं. आज गोळी घेतलीत?”

“नाही.”

“आणि काही खाल्लंत?”