मनोऱ्यावरची खिडकी

कॉलेजचा जुना दगडी मनोरा बघून उतरलेल्या शिक्षिकाबाई पायरीवर दम खात बसल्या होत्या. वर एकच कमानदार खिडकी, तीही फाटकाच्या उलट बाजूला, मागच्या नदीकडे; बांधणाऱ्यांना नदीचं भारी कौतुक असावं. शेजारी वर जाणाऱ्यांची रांग होती आणि तिच्या टोकाला एक म्हातारं जोडपं.

“अगं, गुडघे बघ तुझे. गोल जिना आहे, कठडासुद्धा नाही.”

“आपला पोरगा चढायचाच ना रोज?”

“तो वीस वर्षांचा होता.”

“वीसचाच राहिला.”

“पुन्हा तेच नको गं.”

“तुम्हीच सांगितलंत ना, तुम्ही फाटकातून आत येत होतात, त्याने वरून पाहिलं, हात हलवायला वाकला आणि तोल गेला?”

“तसंच झालं.”

“मग वरून फाटक दिसत असेल. एकदा बघू द्या.”

“काय करायचंय बघून?”

“झोपायचंय मला, अहो.” ती शिक्षिकाबाईंकडे वळली. “बाई, तुम्ही आत्ताच उतरलात ना? दिसतं का हो वरून फाटक?”

तिच्या पाठीमागे म्हाताऱ्याने हात जोडले.

“दिसतं,” शिक्षिकाबाई म्हणाल्या. “अगदी समोर.”

“ऐकलंस? चल आता घरी.”

“गेल्या खेपेलाही एक बाई असंच म्हणाल्या, आणि मी मुकाट्याने परत फिरले.” तिने पिशवी नवऱ्याच्या हातात दिली. “तुम्ही जा, फाटकाशी उभे राहा. दिसलात तर मी हात हलवीन.”