पिक्चरसाठी भरलेला चुडा

माझं नाव रशीदाबी, पन रशीदाबी कुठं राहती म्हनून इचारलं तर ह्या औशात तुमाला कुनी माझं घर दावायचं न्हाई, मनियारभाबी म्हना, बारकं लेकरूबी हाताला धरून आनून सोडतंय. माहेर माझं रेणापूरचं, अब्बा बांगड्याचाच धंदा करायचे, लग्न होऊन औशाला आले तर इथंबी बांगड्याच. डोक्यावर टोपली घेऊन किल्लारीच्या अंगाची समदी खेडी मी पायानं तुडवली. काय सांगू तुमाला, कोन्या घरच्या सुनंचं माप काय, कुनाचा हात मऊ, कुनाचा लाकडावानी, समदं मला ठावं. आन् मान केवढा बगा, पाटलीन असो का रोजगारीन, बांगड्या भरून झाल्या की मनियारनीच्या पाया पडनार म्हंजे पडनार, आन् मी वर एक बांगडी फुकट चढवून म्हननार, सुखी ऱ्हा माय. मी मुसलमान, ती मराठ्याची, आमच्या टोपलीपाशी असलं कायी निघतच नव्हतं.

त्यातल्याच एका खेड्यात सुमन होती. लई हौशी. टोपली खाली टेकवायच्या आधी हिचे हात म्होरं. ही दाव, ही नको, ती आतली दाव, आगं ती न्हाई, तिच्या खालची, समदी टोपली उपसायला लावायची आन् शेवटाला पयली दावलेलीच घ्यायची. मी शिव्या द्यायचे, ती हसायची. मंग भूकंप झाला. त्याचं मी जास्त बोलत न्हाई. सुमनचा मालक गेला, ती आन् सासू तेवढ्या वाचल्या. पत्र्याच्या शेडात मी भेटायला गेले तर टोपली बघून तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. तिथनं म्होरं कितीक वर्सं मी जायची, ती चहा द्यायची, बोलायची, पन हात पदराखालीच. धाकट्या बहिनीवानी ती मला, जगाचे हात मी भरून राहिले आन् हिचेच रिकामे, लई जीव तुटायचा. एकडाव म्हनले, एक तरी घाल गं, काय होतंय. तर म्हनली, भाबी, सासूच्या म्होरं कशी घालू, तिचा लेक गेलाय.

मंग ते पिक्चरवाले आले. आमच्या किल्ल्यात शूटिंग. जुन्या काळची गोष्ट, बाहेरच्या मुलखातनं आलेला सुलतान रयतेला छळतोय आन् एका गढीची बाई त्याच्यावर बंड करती. काय ती मज्जा हो. गल्लीतली समदी पोरं भरती झाली. माझा धाकटा दीर बंडवाल्यांकडं भाला घेऊन, आन् पाटलाचा पोरगा तिकडं सुलतानाचा शिपाई, दाढी चिटकवलेली, ऊन लागलं की ती गळून पडायची. दोघं दिवसभर लढायचे आन् जेवायला एका पंगतीला. मला त्यांनी सांगितलं, गावोगावच्या बाया वळखता ना तुमी, टेंपोभर बाया आना, बंडवाल्यांच्या बायका म्हनून. मी म्हनले, हाव, आनते, त्यात काय. सुमनलाबी वढून आनलं, मागं उभी ऱ्हा, पन चल.

बाया नव्वारी नेसून आलेल्या, लग्नाला आल्यावानी. शूटिंगवाल्यांनी मुंबईहून खोकंभर हिरव्या बांगड्या आनलेल्या, समद्या एकाच मापाच्या, आता बांगडी का एका मापाची असती का? पन त्यांची घाई, मी भरल्या. मंग डायरेक्टर म्हनला, आता असं समजा, तुमचे नवरे लढाईत पडले, भिताडावर हात आपटा आन् बांगड्या फोडा, ते बघून आमची हिरोईन तलवार उपसती.

झालं. आमच्याकडं बांगडी पिचली तरी फुटली म्हनत न्हाईत, वाढवली म्हनत्यात, आन् हा म्हनतो फोडा. एकेकीनं हात मागं घेतले. हिराबाई म्हनली, माझा मालक त्या लिंबाखाली बसून तुमचीच भजी खाऊन राहिलाय आन् मी चुडा फोडू? डायरेक्टर म्हनला, बाई, खोटं खोटं हाय. ती म्हनली, पिक्चर खोटं असंल, हात माझा खराय. तिकडं लिंबाखालनं मालकबी उठला, चल गं घरी. मी मध्यात, शब्द दिलेला मी, बाया आनलेल्या मी.

तेवढ्यात मागनं सुमन म्हनली, मी फोडते, माझं काय जायचंय. पन फोडायला हातात पायजेत ना. मंग त्या पायरीवर बसून मी तिचा हात हातात घेतला, किती वर्सांनी. काय सांगू, जल्मभर हेच काम केलं, पन त्या दिवशी एकेक बांगडी मोजून चढवली. ती दुसरीकडं तोंड करून बसलेली. त्या मुंबईच्या बांगड्या तिला ढिल्या, नुसत्या खळाखळा करायच्या.

कॅमेरा चालू झाला. सुमन भिताडापाशी गेली, हात वर केले, बांगड्या सरकून कोपराकडं आल्या, वाजल्या. ती तशीच उभी, हाताकडं बघत. डायरेक्टर म्हनला, पुन्यांदा. पुन्यांदा तसंच. मंग ती वळली आन् म्हनली, साहेब, एकडाव फोडल्यात मी, आता न्हाई फोडत. डायरेक्टरनं डोकं धरलं. हिरोईन तिथंच बसलेली, ती म्हनली, ऱ्हाऊ द्या, नका फोडू, तशेच हात वर करून या माझ्या मागं. मंग काय, समद्या बाया हात वर करून वरडत निघाल्या, त्या बांगड्याचा असा दणका झाला की सुलतानाचे शिपाई लढायचं सोडून टाळ्या वाजवाय लागले, पाटलाच्या पोराची दाढी पुन्यांदा गळाली.

येताना टेंपोत बाया गानी म्हनून राहिल्या, आन् माझं ध्यान सुमनच्या हाताकडं, सासू काय म्हनंल आता. सुमनचं गाव आलं तसं मी म्हनले, साबन लावून काढून घेऊ का गं? तिनं दुसऱ्या हातानं मनगट धरलं, म्हनली, न्हाई. तिला एकटीला कसं सोडू, मी संग गेले. सासू दारात तूर निवडत बसलेली. तिनं हाताकडं बघितलं. मी म्हनले, मावशी, पिक्चरपायी घातल्यात, रागावू नका. म्हातारीनं सुमनचा हात वढून घेतला, उलटा केला, सुलटा केला. मला म्हनली, मनियारीन म्हनवतीस आन् असल्या ढिल्या भरतीस? उद्या टोपली घेऊन ये, मापाच्या भर. मी तिथं दारातच बसले आन् रडले, हसू बी येत होतं, दोन्ही संगच. दुसऱ्या दिशी भरल्या, हिरव्या, मापाच्या, हात म्हातारीनं धरला होता.

पिक्चर लातूरला लागलं तवा समद्या गेलो. थेटरात नुसती शिकवनीच्या क्लासची पोरं, शिट्ट्यावर शिट्ट्या. आमचं तोंड कुनाचंच न्हाई दिसलं, नुसते हात, पन मी एकेकीचं नाव घेऊन वरडले, ती हिरा, ती सुमन बघ, म्होरची पोरं मागं वळून हसाय लागली. हसू द्या.

आता सुमन लातूरलाच ऱ्हाती, क्लासच्या पोरांची खानावळ चालवती. सासू तिच्यापाशीच, म्हातारीला आता दिसत न्हाई. सैपाकघराच्या दारात बसती आन् सुमन पोळ्या लाटती त्या बांगड्याचा आवाज ऐकत ऱ्हाती. आवाज थांबला की लगेच इचारती, सुमे, कुठं गेलीस गं? सुमन नुसता हात हलवती, म्हातारी गप होती. अल्ला दोघींला सुखात ठेवो, आन् तुमालाबी, माझं येवढं ऐकून घेतलंत.