सोनाबाईचं पलटणीचं घड्याळ

कर्जत स्टेशनाबाहेर मुझम्मिलच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात धाकलू घड्याळाचा पट्टा बदलायला थांबला होता. त्याच्या पुढं कुंभिवलीची म्हातारी सोनाबाई, भिंतीवरचं घड्याळ पोटाशी धरून.

"बंद पडलं रं. चावीबी बसत नाय."

"आजी, याला चावीचं भोकच नाय. आत सेल हाय," मुझम्मिलनं घड्याळ उलटं करून दाखवलं.

"येडा का तू? बाप बर्म्याच्या लढाईत मेला, तवा पलटणीनं त्याच्या सामानासंगं धाडलेलं हाय हे. मी आईच्या पोटात होते. बाप म्हणून हेच बघितलं."

"सन बेचाळीस छापलंय खरं. पण हा गंजबी रंगवलेला हाय, आजी. हल्ली हॉटेलात टांगतात असली."

"मला मेलीला दिसतं कुठं! नातवानं, नवीननं, दिवाळीत दुरुस्तीला नेलेलं. आणलं तवा म्हणाला, आता चावी द्यायला नको."

"कुणी मागितलेलं का हे?"

"गावातला नवा बंगलेवाला दोनदा आलेला, इकत घ्यायला. मी नाय म्हणाले."

धाकलूनं मान दुसरीकडं वळवली.

"नवीनला विचारा, आजी," मुझम्मिल म्हणाला.

"विचारलं तर यायचा बंद होईल. दुसरं कोण हाय मला? तू सेल घाल. रविवारी तो जेवायला येतो, चालू दिसलं पायजे."