नवऱ्यालाही न सांगितलेला आकडा

मंडळी, जरा पुढं सरका. खांबाला टेकून बसलात की पाच मिनिटांत घोरायला लागता, माहीत आहे मला. आज तुम्हाला एकच प्रश्न विचारतो. जिथं खरं प्रेम आहे, तिथं गुपित असावं का?

‘नसावं महाराज!’ — कोण म्हणालं? फार जोरात म्हणालात. पलीकडं बायकांत कारभारीण बसलेली दिसते! असू दे, असू दे. ऐका.

आटपाडीच्या अंगाला एक गाव. तिथं शालनताई काळगे नावाची बाई. हिचा नाद काय? तर लग्नं जुळवायची. पैशाची अपेक्षा नाही, वर पदरमोड. मुलगी लग्नाची झाली की आई फोटो घेऊन ताईंच्या दारात. ताईंचा मोबाईलवर ग्रुप होता. मुलीचा फोटो, जन्मतारीख, जन्मवेळ, मामाचं गाव, घरचा पत्ता — सगळं त्यात. स्थळ बघायचं म्हणजे लपवून कसं चालेल?

आणि घरधनी हिंदुराव. एसटीत कंडक्टर होते. माणूस सोन्यासारखा, कुणी हाक मारली की हातातला घास ठेवून धावणार. पण तोंडात तीळ भिजायचा नाही! जन्मभर गाडीत गावांची नावं ओरडून सांगितली, ती सवय जाते होय? उभ्या संसारात दोघांत आडपडदा कसला तो नव्हता.

एके दिवशी वच्छलाबाई सुतार ताईंकडं आल्या. चहा ठेवला, तर नको म्हणाल्या. मंडळी, आपल्याकडं बाई चहाला नको म्हणाली की समजायचं, काहीतरी बिनसलंय.

“ताई,” त्या म्हणाल्या, “माझ्या प्राजूचा फोटो भलत्याच गावच्या पोरांच्या मोबाईलवर फिरतोय. माझ्या भाच्यानं बघितला. मी तो तुमच्या हवाली केला होता.”

भांडल्या नाहीत हो. एवढंच बोलल्या आणि गेल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं! शालनताईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही. फोटो गेला कुठून, तेसुद्धा त्यांना उमगेना. किती जणांना पुढं धाडला, त्यांनी किती जणांना धाडला, कोण सांगणार?

पण बाई खमकी. रडत बसली नाही. भाचीनं सांगितलं, मावशी, मोबाईल कसा सांभाळायचा त्याचा फुकट वर्ग असतो, ऑनलाइन, अगदी पहिलीपासून शिकवतात, तेही मराठीत. झालं. दुपारची भांडी आवरली की ताई डाळीच्या डब्याला मोबाईल टेकवून बसायच्या. पडद्यावर शिकवणारी मुलगी नातीच्या वयाची, पण ती दिसली की ताई आधी हात जोडायच्या. गुरू तो गुरू! हिंदुराव चहा करून आणून द्यायचे. ‘आमची ही शिकतीया’ — ही बातमी त्यांनी पारापर्यंत नेली, हे मी सांगायला नकोच.

ताई शिकल्या. पासवर्डला कुळदेवीचं नाव ठेवू नये. हसताय? अहो, सगळ्या भावकीची देवी एकच, मग सगळ्या भावकीच्या कुलपाला किल्लीही एकच की! घाई करणारा भेटला की आपण थांबावं. आणि ग्रुप ज्या ॲपवर चालतो, त्याला दोन कुलपं लावावीत — एक मेसेजवर येणाऱ्या आकड्याचं, दुसरं आपल्या मनातल्या आकड्याचं, त्याला पिन म्हणतात.

धडा संपला की परीक्षा. प्रश्न आला : तुमचा पिन विश्वासाच्या माणसाला सांगाल का? ताईंनी बिनधास्त ‘हो’ दाबलं. नवरा नाही का विश्वासाचा? तर लाल फुली! दुसऱ्यांदा ‘हो’ — परत फुली! ताई त्या फुलीकडं बघत राहिल्या, आणि त्यांना वच्छलाबाईंचा चेहरा दिसला. मग जड हातानं ‘नाही’ दाबलं आणि आपल्या ग्रुपलाही पिन लावला.

संध्याकाळी हिंदुरावांनी सहज विचारलं, “काय ठेवलास गं आकडा?”

“ते सांगायचं नसतं.”

“मला पण?”

“तुम्हाला पण.”

मंडळी, त्या घरात तोवर असं वाक्य कुणी बोललेलं नव्हतं. हिंदुराव जेवले, पण भाजीत मीठ कमी होतं ते बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी चहा केला, तो एकट्यापुरता. आता ह्याला काय म्हणाल? म्हातारपणी रुसवा! ताईंना वाईट वाटलं नाही का? फार वाटलं. सांगून टाकावं, मिटवावं, असं रोज ओठांपर्यंत यायचं. पण आकडा काही त्या बोलल्या नाहीत.

आणि एक दिवस ताई दळण घेऊन गिरणीतून आल्या. बघतात तर हिंदुराव ओट्यावर बसलेले, मांडीवर ताईंचा मोबाईल, तोंड उतरलेलं.

“शालन, माझ्या हातून चूक झाली.”

“काय झालं ते सांगा आधी.”

एका बाप्याचा फोन आला होता. मुलाचा बाप म्हणून बोलला, स्थळ बघतोय म्हणाला. ‘माझा आकडा चुकून तुमच्या फोनवर आलाय, तेवढा वाचून दाखवा, लई घाई आहे.’ आमचे हिंदुराव! चष्मा शोधून वाचून दाखवला. त्यानं तो आपल्या मोबाईलवर घातला, आणि लगेच ताईंच्या मोबाईलवरचा ग्रुप बंद पडला. परत फोन आला, ‘आता पिन सांगा.’

“मग?” ताईंनी विचारलं.

“म्हटलं, मला नाही माहीत. बायको सांगत नाही. तर म्हणतो कसा, नवऱ्यापासून लपवते, कसली बायको तुमची!”

“तुम्ही काय म्हणालात?”

“म्हणालो, माझ्या बायकोबद्दल बोलायचं काम नाही. आणि ठेवला फोन.”

मंडळी, तो पिन हिंदुरावांना ठाऊक असता तर काय झालं असतं? चोरानं ताईंच्या नावानं एकेका आईला मेसेज धाडला असता — मुलीचा आणखी एक फोटो पाठवा, पत्ता पाठवा. आणि आयांनी पाठवला असता! ताईंनी मागितला, म्हणून.

ताईंनी पीठ बाजूला ठेवलं, त्यांच्याशेजारी टेकल्या.

“अहो, तुमच्यावर विश्वास नाही म्हणून नव्हते सांगत. तुम्हाला कुणाला नाही म्हणता येत नाही. तुमचा तो स्वभाव मला आवडतो, बदलायचा नाही मला. म्हणून आकडा माझ्यापाशी ठेवला.”

हिंदुरावांनी डोळे पुसले. ताईंनी ग्रुप पुन्हा चालू करायला घेतला. मेसेजवरचा आकडा घातला. आता पिन घालायचा, तर हिंदुराव आपणहून भिंतीकडं तोंड करून बसले. म्हणाले, “झालं की सांग गं, चहा टाकतो दोघांना.”

ग्रुप चालू झाला. ताईंनी पहिला फोन वच्छलाबाईंना केला आणि घडलं ते सगळं सांगितलं, नवऱ्याच्या चुकीसकट. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, “ताई, प्राजूचा नवा फोटो काढलाय. उद्या घेऊन येते.”

तर मंडळी, माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं? प्रेमात सगळं द्यावं — पण आपलं. लोकांच्या लेकी आपल्या हवाली असतात, त्या काही आपल्या नसतात. त्यांच्या कुलपाची किल्ली नवऱ्यालाही द्यायची नसते.

आता टाळकरी, थांबा थोडं. गजर करायचाच आहे. त्याआधी खिशातले मोबाईल हातात घ्या. मागच्या महिन्यात एका मुलीचा फोटो आला होता ना तुम्हाला? ‘बघा, कुठं स्थळ असेल तर’ म्हणून पुढं ढकललात. चांगल्या मनानंच ढकललात, मी कुठं नाही म्हणतो?

तिला विचारलं होतं का?