फिरून येणारे आकडे

गंगाखेडच्या बसस्थानकात हेमा राणीसावरगावच्या गाडीची वाट पाहत बसली होती. मागच्या बाकावर एक पोरगी गणिताचं पुस्तक उघडून आजीला समजावत होती.

“एकाला तिनानं भागलं की तीन, तीन, तीनच येत राहतात. संपत न्हाई, पर क्रम ठरलेला. ही परिमेय संख्या.”

“तुझ्या बापावानी. दसऱ्याला ऊसतोडीला जायचा, पाडव्याला यायचा.”

“अन् दोनाचं वर्गमूळ अपरिमेय. ते बी संपत न्हाई, पर त्यात ठरलेलं काहीच फिरून येत न्हाई.”

“कदीच न्हाई?”

“कदीच न्हाई, आजे.”

“दोन पाडवे झाले, कारखान्यावरनं निघालेला तुझा बाप घरी पोचला न्हाई. मंग तुझ्या मायनं कुंकू लावायचं का पुसायचं, ते लिवलंय का त्यात?”