घ्यायला कोण येणार

हॅलो? … हॅलो, कोण? … अगं ठमे, तू होय! थांब, मशीन बंद करते… हं, बोल. तुझ्याच कोटाला अस्तर लावतेय. उजवी बाही जरा लांब झालीये, मंगळवारी येशील तेव्हा अंगावर घालून बघू…

काय? … बसू? बसू कशाला? … बरं, टेकले हो स्टुलावर. आता सांग.

हो… हो… व्हिसाची मुलाखत उद्याच ना? … मग? … युनिव्हर्सिटीचं पत्र नाही आलं अजून? अगं, त्यांनीच बोलावलं ना तुला? मातीच्या डॉक्टरीणबाई, वर्षभर या, आमची माती तपासा म्हणाले, आणि आता पत्रासाठी अडवतात?

विमा? … हं, विमा उतरवल्याशिवाय पत्र नाही, आणि पत्राशिवाय व्हिसा नाही. … कळलं गं मला, कपडे शिवते म्हणून काय डोकं गहाण नाही टाकलं. … मग उतरव की. विम्याच्या ऑफिसातच आहेस ना? मागे माणसं बोलतायत, ऐकू येतंय.

हं… आजारी पडलीस तर दवाखाना. बरोबर. … फारच आजारी पडलीस तर विमानानं घरी. चांगलंय. … आणि तिसरं?

हॅलो? … नाही, आवाज येतोय. तिसरं काय?

…

पुन्हा नको सांगूस. ऐकलं मी. मेलीस तर देह घरी पाठवतात, आणि तो ताब्यात घ्यायला इथल्या एकाचं नाव लागतं. ऐकलं.

नाही. … नाही म्हणजे नाही! माझं नाव नाही घालायचं. काय जीभ गं तुझी! अजून बॅग भरली नाहीस, आणि घ्यायला कोण येणार म्हणून विचारतेस? तुझी बाही आहे माझ्या हातात, ठमे. सुई अजून तिच्यातच आहे.

… असेल नियम. सगळ्या बाहेरच्या प्राध्यापकांना लागतो? मग त्यांच्या बहिणी काय दगडाच्या आहेत?

मैत्रिणीचं दे. … घरचंच लागतं? … आईचं? खबरदार! आईचं नाव काढू नकोस. आणि हळू बोल, ती पलीकडे मटार सोलत बसलीय…

नाही आई, काही नाही! ठमीच आहे. कागदाचं काहीतरी विचारतेय. … हो, खूप थंडी असते तिकडे, म्हणून तर कोट!

हं, बोल. … आईच विचारत होती, थंडी किती म्हणून.

आज बंद व्हायच्या आत नाव हवं? … अगं ऐक ना… ऐक, मध्ये बोलू नकोस. दादा परदेशात कामावर असतानाच गेला, तेव्हा तू होस्टेलवर होतीस. फोन मी घेतला होता. ह्याच खोलीत, ह्याच स्टुलावर. कुणी परका माणूस. तुमच्या दादाबरोबर वेल्डिंगला आहे म्हणाला, आणि मग नुसता श्वास घेत राहिला. त्या श्वासावरूनच कळलं मला.

मग कंपनीला किती फोन केले मी! साहेब बाहेर गेलेत. साहेब जेवायला गेलेत. शेवटी एक जण म्हणाला, बाई, विमा नव्हता, पाठवायची सोय नव्हती, इथंच आटोपलं. … आटोपलं! असं म्हणाला तो. भांडी घासून पालथी घालावीत तसं.

हो, फोटो आहे. कपाटात आहे. तांबड्या मातीचा ढीग आणि वर पाटी, तीही वाचता येईना. … आईला नाही दाखवला. म्हणून तर ती अजून वाट… तुला माहितेय. त्याचा शर्ट शिवायला घेतला होता ना मी, कॉलर तेवढी राहिली होती. तो तसाच दाराआड टांगलाय. मध्येच कधीतरी विचारते, कॉलर लावलीस का गं? मी म्हणते, लावते. काय म्हणू?

… रडू नकोस. लोक बघतील. … मी कुठं रडतेय? मशीनचं तेल लागलंय डोळ्याला.

… काय आई? … अगं, तू कशाला उठलीस, गुडघा धरेल ना… थांब ठमे. आई दारात उभी आहे. … ऐकलं तिनं. … सगळं. फोटोचंही.

बोल आई. … हं. … हं.

…

ठमे, आहेस ना? आई म्हणतेय… थांब, नीट सांगू दे मला. म्हणतेय, "माझ्या लेकाच्या वेळी कुणी विचारलं असतं, बाई, तुझं लेकरू आणलं तर घेशील का, तर मी अनवाणी गेले असते. कुणी विचारलंच नाही. हे विचारतायत ना? मग नाही म्हणू नकोस." … असं म्हणाली. आणि गेली परत मटाराकडे. … नाही, डोळे कोरडे आहेत. जाता जाता म्हणाली, कॉलर आता राहू दे.

…

दे त्या काउंटरवरच्या बाईंना फोन. … दे गं.

हॅलो? … हो, नमस्कार. … हो, मी मोठी बहीण. सख्खी. … नाव बरोबर आहे. पत्ताही हाच. … आम्ही कुठं जातोय घर सोडून. … काय म्हणालात? परत एकदा वाचा बाई, जरा सावकाश.

…

हो.

… मोठ्यानं सांगू? हो, मी घेईन. माझी बहीण आहे, मीच घेईन. दुसरं कोण घेणार? … अहो, तुम्ही कशाला माफी मागता, तुमचं कामच ते. … दिवसभर हेच विचारावं लागतं का हो, सगळ्यांना? … जेवलात का तुम्ही? … बरं. द्या तिला.

हं… झालं? मारला शिक्का? … म्हणजे पत्र आजच येईल. उद्या वेळेत जा. केस नीट बांध. विचारतील तेवढंच बोल, मातीचं पुराण लावू नकोस.

अगं ऐक ना, ठेवू नकोस. नंबर कुठला दिलास? … हाच ना? शिवताना मी आवाज बंद करून ठेवते. आता नाही ठेवणार. उशाशी ठेवीन, मशीनपाशी ठेवीन, न्हाणीतही नेईन. … पण ठमे, हा फोन तू वाजवायचा. ऐकतेयस? तू. तिथला साहेब नाही, ऑफिसातली बाई नाही, बरोबर काम करणारा कुणी भला माणूस नाही. तू वाजवायचा. सांगण्यासारखं काही नसलं तरी वाजव. माती कशी आहे ते सांग. ओली आहे म्हण, कोरडी आहे म्हण. मला काय कळतंय? आवाज तर कळेल.

… हो. हो, मंगळवारी ये. … बाही? नाही, आता नाही करत आखूड. राहू दे लांब, बोटं झाकतील.

ठेव आता. … नाही, आधी तू. … मी नाही ठेवत गं. तू ठेव, मी ऐकते…

हॅलो?

… ठेवला.